घसारा

बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला घसारा नावाचं प्रकरण होतं. एक यंत्र विकत घ्यायचं, ते वापरायचं, दरवर्षी त्याची किंमत ठरावीक टक्क्यांनी कमी दाखवायची आणि आपलं उत्तर शेजारच्या मुलाच्या उत्तराशी जुळलं की पुढच्या गणिताकडे वळायचं. ते यंत्र कसलं आहे, ते कुठे उभं आहे, त्याच्यावर पाऊस पडतो का, असले खासगी प्रश्न वाणिज्य शाखेत विचारत नाहीत. घसारा काढायच्या दोन पद्धती आमच्या सरांनी शिकवल्या होत्या. एक स्थिर हप्त्याची आणि दुसरी घटत्या शिलकीची. तिसरी पद्धत मला अलिबागने शिकवली. तिचं नाव खारा वारा.

अलिबागला समुद्र आहे हे मुंबईकरांना शनिवारी-रविवारी आठवतं. आम्हाला ते रोज सकाळी कुलूप उघडताना आठवतं. कुलपाची किल्ली कुलपात फिरत नाही, फिरली तर निघत नाही आणि निघालीच तर अर्धी आत राहते. खिडकीचे गज, सायकलची रिम, कपाटाचे पाय, पंख्याचं पातं, जिथे म्हणून लोखंड आहे तिथे तांबूस रंगाची पहिली पुळी उठते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिचं गळू होतं. आमच्या बँकेच्या शाखेतली व्हाउचरं तपासायला आलेला ऑडिटर एकदा म्हणाला होता, "तुमची व्हाउचरं मी डोळे मिटून ओळखतो. टाचणी काढली की तिची सावली कागदावर राहते." त्याला ते विनोदाने म्हणायचं होतं. आम्ही ते प्रशस्तिपत्रक समजलो.

ह्या बाबतीत सगळ्यात शहाणी इमारत आमच्या गावात एकच आहे, ती म्हणजे चुंबकीय वेधशाळा. पूर्वी ही वेधशाळा मुंबईत कुलाब्याला होती. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि त्या विजेपायी वेधशाळेच्या सुया भरकटतील अशी भीती निर्माण झाली. म्हणून १९०४ साली वेधशाळेने समुद्र ओलांडून अलिबागला बिऱ्हाड केलं. चुंबकाच्या सुईला लोखंडाचा उपद्रव नको, म्हणून इथल्या मोजमापाच्या खोल्या लोखंड वर्ज्य करून बांधल्या. लहानपणी माझी समजूत मात्र अशी होती, की साहेबाने लोखंड टाळलं ते गंज चढू नये म्हणून. मुंबईच्या ट्राम १९६४ साली बंद झाल्या, पण वेधशाळा काही परत गेली नाही. एकदा अलिबागला राहिलेल्या माणसाचं असंच होतं.

आमच्या घरचं लोखंड मात्र वर्ज्य नव्हतं. ते चांगलं चार चाकांवर दारात उभं होतं आणि त्याचं नाव होतं मॅटाडोर.

आता मॅटाडोर म्हणजे काय, हे चाळिशीच्या पुढच्या वाचकाला सांगायची गरज नाही. तरुणांसाठी सांगतो. जर्मनीतल्या हॅम्बुर्गकडच्या एका कंपनीने 'टेम्पो' नावाच्या गाड्या काढल्या. तिच्याशी करार करून आपल्याकडे १९५८ साली बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि १९६९ पासून पुण्याजवळच्या आकुर्डीत मॅटाडोर तयार होऊ लागली. जर्मनीतली मूळ कंपनी पुढे दुसऱ्या कंपनीत विरघळून गेली. आपल्याकडच्या मॅटाडोरचं उत्पादन २००० साली थांबलं आणि २००५ साली कंपनीनेसुद्धा आपलं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. पण मराठी माणसाने एकदा तोंडात बसलेला शब्द बदलायचं नाकारलं. त्यामुळे आजही घर बदलताना आपण 'टेम्पो' बोलावतो आणि वऱ्हाडाला 'मॅटाडोर' सांगतो, मग समोर येऊन उभी राहणारी गाडी कोणत्याही कंपनीची असो.

आमच्या नानांनी ती १९८६ साली कर्ज काढून घेतली. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. पुढची पंधरा वर्षं त्या गाडीने आमचं घर चालवलं. लग्नसराईत वऱ्हाड, जूनमध्ये शाळेची मुलं, भाद्रपदात पेणहून गणपती, उन्हाळ्यात पांढऱ्या कांद्याच्या माळा आणि मध्ये खाडा पडला तर सुकी मासळी. रात्री-अपरात्री कुणाला छातीत कळ आली की दार आमचंच वाजायचं. नाना लुंगीवर शर्ट चढवून निघायचे आणि कार्लेखिंड, वडखळ, पनवेल करत माणसाला मुंबईच्या इस्पितळात पोचवायचे. अशा फेरीचं भाडं ते मागत नसत, आणि मागितलं नाही की लोकही विसरत. वऱ्हाडाच्या फेरीत मात्र ते वीस पैशांसाठीसुद्धा भांडत. हा हिशेब मला त्या वयात कळत नसे. पुढे बी. कॉम. झाल्यावरही कळला नाही.

२००१ साली नानांनी भाड्याचा धंदा बंद करून गाडी खासगी वापरासाठी करून घेतली. २०१६ साली तिच्या कागदांची मुदत संपली आणि ती वाडीत दोन पोफळींच्या मध्ये जी उभी राहिली ती उभीच राहिली. तिच्या टपावर पाचोळा साचला. मागच्या सीटवर मांजरीची तीन बाळंतपणं झाली. आमच्या सौभाग्यवतीने तिच्या पुढच्या बंपरवर पापड वाळत घालायला सुरुवात केली तेव्हा ही गाडी आता मालमत्तेतून निघून फर्निचरमध्ये गेली, अशी माझ्यातल्या कारकुनाने मनोमन नोंद केली.

मग २०२३ च्या जानेवारीत भंगारवाला आला. त्याने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, दाराला बोट लावलं. बोट आत गेलं. तो म्हणाला, "किलोवर घेतो."

नाना ओट्यावर बसले होते. ते उठले, आत गेले आणि दार लोटून घेतलं. चार वाजता चहा झाला तरी बाहेर आले नाहीत. आमच्या घरात चारचा चहा चुकलेला मी त्याआधी एकदाच पाहिला होता, आई गेली त्या दिवशी. भंगारवाल्याला मी "नंतर बघू" असं सांगितलं. बँकेत कर्ज नाकारताना हेच वाक्य आम्ही वापरतो, त्यामुळे ते सराईतपणे जमलं.

रात्री मी जाहीर केलं, "गाडी दुरुस्त करायची."

"कशाला?" सौ. म्हणाली.

ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून मी हिशेब मांडला. भाड्याच्या मोटारीला आयकराच्या नियमात तीस टक्के घसारा आहे. समजा, गाडी लाख रुपयांची धरली. घटत्या शिलकीने तीस वर्षांनी तिची पुस्तकी किंमत उरते सव्वादोन रुपये. सदतीस वर्षांनी साडेअठरा पैसे. "म्हणजे बघ," मी म्हणालो, "शून्य कधीच होत नाही. घटत्या शिलकीची हीच गंमत आहे. काहीतरी उरतंच."

"साडेअठरा पैसे उरलेत, आणि त्याच्यावर तू किती घालणार?" सौ.ने विचारलं. ती कला शाखेची पदवीधर आहे, तरी तिला नेमके असेच प्रश्न सुचतात.

बँकेतही मला फारसा पाठिंबा मिळाला नाही. हेडकॅशियर म्हणाले, "आता व्हिंटेज म्हणून नोंदव, भाव येईल." मी नियम वाचला. २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज ठरायला गाडी पन्नास वर्षांची लागते आणि ती धंद्यात वापरायची नाही. आमच्या गाडीला पन्नास वर्षं पुरी होणार २०३६ साली. तोपर्यंत मी छप्पन वर्षांचा होईन, म्हणजे आमच्या दोघांत व्हिंटेज आधी मी ठरणार. तेव्हा साधा मार्ग एकच होता. गाडी ठाकठीक करून पेणच्या आरटीओत न्यायची, तपासणी करून घ्यायची आणि नोंदणीचं नूतनीकरण करायचं. त्याची फी २०२२ च्या एप्रिलमध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेली होती, उशिराचा दंड वेगळा आणि पर्यावरणाचा कर आणखी वेगळा. सौ.ला मी सहाशेचा आकडा सांगितला. तोही एके काळी खराच होता.

मिस्त्री आला तो हातात फक्त एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. डॉक्टरने छातीला नळी लावावी तसा त्याने तो गाडीला लावायला सुरुवात केली. फरक एवढाच, की डॉक्टरची नळी आत जात नाही. पायरीखाली टोचला, आत गेला. मडगार्डच्या कडेला टोचला, आत गेला. काचेच्या रबराखाली टोचला, तिथून मुंग्या बाहेर आल्या.

"साहेब," मिस्त्री म्हणाला, "ह्यो पत्रा नाय, ह्यो पापड हाय."

सौ. बंपरवरचे खरे पापड गोळा करत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पोफळीकडे पाहिलं.

मग मिस्त्रीने मला गंजाचं शास्त्र समजावून दिलं. लोखंड, पाणी आणि हवा एवढं तिघांचं जमलं की गंज सुरू होतो. त्यात मीठ पडलं की तो आमटीसारखा झपाट्याने उकळू लागतो. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून रंगाखाली फोड येतो. फोड दिसला की माणूस म्हणतो, गंज सुरू झाला. खरं म्हणजे तेव्हा तो आतल्या बाजूने येऊन पोचलेला असतो. "बाहेरून दिसते ती नुसती पत्रिका," मिस्त्री म्हणाला, "लग्न आत कवाच लागलंय."

त्याने मला आणखी एक विद्या दिली. कुठे खरा पत्रा आहे आणि कुठे पूर्वीच्या कारागिराने पुट्टी फासून वेळ मारून नेली आहे, ते ओळखायचं तर लोहचुंबक फिरवायचा. पत्र्याला तो चिकटतो, पुट्टीला चिकटत नाही. आमच्या फ्रिजवर एक चुंबक होता, आंब्याच्या आकाराचा. तो घेऊन मी एक अख्खा रविवार गाडीभोवती फिरलो. गावातली दुसरी चुंबकीय वेधशाळा मी एकट्याने चालवली. उजव्या बाजूला आंबा चिकटत होता. डाव्या बाजूला तो पुनःपुन्हा गळून पडत होता. मागच्या डाव्या मडगार्डवर तर हातभर जागेत त्याने चिकटायला साफ नकार दिला. पण त्याच जागेच्या बरोबर मध्ये, पुट्टी जिथे पातळ होती तिथे, तो पुन्हा हलकेच ओढ घेत होता. ही नोंद मला कळली नाही. मी ती तशीच लिहून ठेवली.

काम सुरू झालं. गाडीच्या पत्र्याचं काम म्हणजे ठोकपीट, असं मी समजत होतो. ठोकपीट हे त्यातलं फक्त मंगलाष्टक आहे. आधी डिझेलची टाकी उतरवली, बॅटरीची तार सोडली. मग सीट, रबरं आणि मांजर बाहेर काढली. पायरीचा पत्रा कापण्यापूर्वी मिस्त्रीने खालून जॅक आणि दारांच्या चौकटीत आडवे पाइप लावले. मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, ही पायरी म्हणजे घराची तुळई. आधार न देता कापली तर गाडी मध्येच बसेल आणि मग दार जन्मात लागणार नाही. कापताना तो गंजापाशी थांबत नव्हता. गंजाच्या पुढे चांगला चार बोटं जाऊन, जिथे पत्रा पांढरा लखलखीत लागेल तिथपर्यंत कापत होता. मला एकेक बोट जड जात होतं. बुडीत कर्ज लिहून टाकताना आमच्या मॅनेजरांचा चेहरा असाच होतो.

नवा पत्रा आणला अठरा गेजचा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हेही मला तेव्हाच कळलं. मी बावीस गेजला जास्त पैसे द्यायला निघालो होतो. कापलेल्या जागेचा आकार आधी पुठ्ठ्यावर काढावा लागतो. घरात जाड पुठ्ठा एकच होता, आमच्या बँकेच्या कॅलेंडरचा. त्यामुळे डाव्या पायरीचं माप मिस्त्रीने आमच्या ठेवींच्या व्याजदरांवर कापलं.

जोडकाम पाहणं हा मात्र खरा आनंद होता. साध्या विजेच्या वेल्डिंगने पातळ पत्र्याला सांधा कमी आणि भोक जास्त मिळतं. गॅसने पत्रा सगळीकडून तापतो. तापला की फुगतो, निवला की आक्रसतो आणि सुनेसारखा कायमचा रुसतो. म्हणून आमचा मिस्त्री वापरायचा ते सीओटू वेल्डिंग. त्यातही तो सलग ओळ ओढत नसे. इथे एक टाका, मग हातभर पलीकडे एक, मग पुन्हा अलीकडे. मध्ये बिडी. बिडी ही आळसाची खूण नसून पत्रा निवण्याचं माप आहे, हे मला चौथ्या दिवशी समजलं. तोवर मी तिचे पैसे मनात मजुरीतून वजा करत होतो.

माझ्याकडे काम होतं ते ओलं गोणपाट आणि पाण्याची बादली घेऊन उभं राहायचं. मिस्त्रीने बजावलं होतं, "साहेब, ठिणगीकडं बघू नका." आता, बघू नका म्हटल्यावर कारकून काय करणार? मी बाजूने, तिरका, परक्याच्या पासबुकात डोकवावं तसा बघत राहिलो. दिवसभर काही झालं नाही. रात्री दोन वाजता कुणीतरी दोन्ही डोळ्यांत वरसोलीची वाळू ओतल्यासारखं वाटून मी किंचाळत उठलो. सकाळी डॉक्टर म्हणाले की ठिणगीतल्या अतिनील किरणांनी बुबुळं भाजली आहेत, दोन दिवसांत बरं होईल. रजा शिल्लक नव्हती. काळा चष्मा लावून, गालावरून पाणी गाळत मी काउंटरवर बसलो. एक म्हातारे पेन्शनर पैसे काढायला आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काढायची रक्कम निम्मी केली. म्हणाले, "इतकं वाईट वाटत असेल तर राहू द्या."

काचेचं रबर अलिबागला मिळेना, म्हणून मांडव्याहून बोटीने मुंबईला जाऊन मी कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात गेलो. "मॅटाडोरच्या पुढच्या काचेचं रबर आहे का?" मी विचारलं. दुकानदाराने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "अलिबाग से आया क्या?"

ह्या वाक्यावर बंदी घालावी म्हणून एक अलिबागकर मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. २०१९ साली न्यायालयाने, असे विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, अशा अर्थाचं सांगून त्यांना परत पाठवलं. मी न्यायालयाचा मान राखून दुकानदाराला म्हणालो, "हो. साडेआठच्या बोटीने." तो इतका ओशाळला की त्याने माळ्यावर चढून रबर शोधून दिलं. परतीच्या बोटीत ते गळ्यात घालून मी बसलो होतो. लोकांना मी पोहता न येणारा, पण दूरदृष्टी असलेला प्रवासी वाटलो असणार.

दुसऱ्या आठवड्यात जमिनीचा पत्रा निघाला आणि त्याच्याखालच्या पोकळीतून चिल्लर बाहेर पडली. मी तिथेच उकिडवं बसून मोजली. षटकोनी वीस पैशांची नऊ, दहा पैशांची सात, चार आण्यांची पाच आणि आठ आण्यांची दोन. एकूण चार रुपये पंचाहत्तर पैसे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, तेव्हा कायदेशीर शिल्लक एक रुपया. तरीसुद्धा तो गाडीच्या पुस्तकी किमतीच्या पाचपट होता. हे मी सौ.ला आवर्जून सांगितलं.

भंगारवाला येऊन गेल्यापासून नाना वाडीत फिरकले नव्हते. चिल्लरीचा आवाज ऐकून ते प्रथमच आले. वीस पैशांचं एक नाणं उचलून त्यांनी बराच वेळ बोटांत फिरवलं. म्हणाले, "आक्षीची एक कोळीण होती. वीस पैसे खाली पडले म्हणून सांगत होती. मला वाटलं, बनवते आहे. भर रस्त्यात उतरवली तिला, टोपलीसकट." मग थोडं थांबून म्हणाले, "खरंच पडले होते."

त्यानंतर ते रोज स्टूल घेऊन येऊन बसू लागले.

दारं कापायला घेतली तेव्हा मिस्त्री चिडला. दाराच्या तळाशी कंपनी बारीक भोकं ठेवते. काचेवरून आत उतरलेलं पाणी त्यातून निघून जातं. "पाणी येनारच साहेब, त्याला जायला वाट पायजे. हितं कुनी शहान्यानं सगळी भोकं बुजवलीत! म्हनून आतून कुजलं."

मी ओल्या गोणपाटाकडे पाहू लागलो. मला तो दिवस स्वच्छ आठवत होता. बारावीची सुट्टी होती. पावसाळ्याआधी गाडीला भोकं पडलेली दिसली म्हणून मी मोठ्या कर्तव्यबुद्धीने, स्वतःच्या पैशांनी एम-सील आणून, चारही दारांची एकूण एक भोकं लिंपली होती. नानांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून सांगितलंही नव्हतं.

"असेल कोणीतरी," नाना स्टुलावरून म्हणाले. "चांगल्यासाठीच केलं असेल." आणि मिस्त्रीला त्यांनी चहा द्यायला सांगितलं.

सगळ्यात शेवटी मागचं डावं मडगार्ड राहिलं, जिथे आंबा चिकटत नव्हता आणि मध्येच चिकटत होता. मिस्त्रीने ग्राइंडर लावला. पुट्टीचा पांढरा भुगा उडाला आणि खालून जोड दिसला. पत्रा वेल्ड केलेला नव्हता, आठ रिव्हेटांनी ठोकला होता. मिस्त्रीने तो उचकटून उलटा केला. आतल्या बाजूला छापील अक्षरं अजून शाबूत होती. 'निव्वळ वजन १५ किलो'. गोडेतेलाचा डबा होता तो.

"हे कुनी केलं?" मिस्त्री हसला.

"मी," नाना म्हणाले. आणि लगेच "संध्याकाळ झाली, डास येतील" म्हणून आत गेले. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

नानांना गाडीचा खर्च वहीत लिहायची सवय होती. त्या वह्या माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत आहेत. तिची किल्ली अर्थातच कुलपात मोडलेली. त्या रात्री मी मिस्त्रीची छिन्नी आणून पेटी उघडली. आतापर्यंतची तपासणी मी दुसऱ्यांच्या हिशेबांची केली होती. १९९९ च्या जून महिन्याच्या पानावर लिहिलं होतं : 'मागचे मडगार्ड, पत्रा काम, अंदाज रु. २,२००'. त्यावर एक आडवी रेघ. खाली : 'बाळूचा बँकेच्या परीक्षेचा क्लास, पनवेल, रु. २,२००'. आणि त्याच्याखाली, हिशेब पुरा व्हावा म्हणून : 'तेलाचा डबा, घरचा. रिव्हेट, रु. ६'.

आमचे सर सांगत, घसारा हा असा खर्च आहे की ज्यात रोकड बाहेर जात नाही. म्हणून विद्यार्थी तो विसरतात आणि नफा फुगवून दाखवतात. शिवाय प्रत्येक नावे रकमेला कुठेतरी तेवढीच जमा असते, हाही पहिल्या वर्षाचा धडा. गाडीच्या मडगार्डला पडलेलं भोक मी चोवीस वर्षं नावे बाजूला बघत होतो आणि नानांनी गाडीची हेळसांड केली असं चारचौघांत बोलतही होतो. त्याची जमा बाजू रोज सकाळी दहाला बँकेच्या खुर्चीत जाऊन बसते आहे, हे कुणी ताळेबंद जुळवल्याशिवाय कळणार नव्हतं. नानांनी कधी तो जुळवून दाखवला नाही. दाराच्या भोकांची नोंदसुद्धा त्यांना कधीपासून ठाऊक होती, कोण जाणे.

सकाळी मिस्त्रीने विचारलं, "डबा भंगारात टाकू?" मी नको म्हणालो. तो आता गाडीच्या हत्यारांच्या खोक्यात आहे.

नव्या पत्र्यावर रेड ऑक्साइड चढला, मग रंग. आतल्या पोकळीत तेल सोडलं. दारांच्या तळाची भोकं मी स्वतः तारेने तपासली. एकूण खर्चाचा आकडा मी इथे देत नाही. सौ. हे पुस्तक वाचणार आहे.

एप्रिलमध्ये आम्ही पेणला निघालो. गाडी टोचन करून न्यावी असं माझं मत होतं. नाना म्हणाले, "जिवंत माणसाला खांद्यावर नेत नाहीत." तेव्हा रीतसर तात्पुरती परवानगी काढली. मिस्त्रीने गाडी चालवली, नाना डावीकडे बसले, मी मागे मांजरीच्या जुन्या जागेवर. कार्लेखिंडीच्या चढावर इंजिनने आवाज बदलला तसे नाना किंचित पुढे झुकले आणि त्यांचा उजवा हात आपोआप गिअरच्या दांड्याकडे गेला. मिस्त्रीने काही न बोलता त्यांना दांडा बदलू दिला.

आरटीओच्या आवारात साहेबांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. भंगारवाल्याने घातली होती तशीच, पण ह्यांचं बोट कुठे आत गेलं नाही. मागच्या डाव्या मडगार्डवर त्यांनी बोटाच्या पेराने टिचकी मारली. ठण्ण असा आवाज आला.

"वा!" साहेब म्हणाले. "इतकी जुनी गाडी आणि हा पत्रा अजून ओरिजिनल?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात नाना म्हणाले, "नाही साहेब. ओरिजिनल डबा होता. हा मुलाने घातलाय."

कागद झाले. परतताना वडखळच्या पुढे नाना म्हणाले, "बाळू, आक्षीवरून घे. ती कोळीण असेल-नसेल, घर विचारून बघू." त्यांच्या खिशात ते षटकोनी नाणं होतं. म्हातारी घरी भेटली. तिला मॅटाडोर आठवत होती, भांडण आठवत नव्हतं. नानांनी पुढे केलेलं नाणं तिने उन्हात धरून पाहिलं आणि परत देत म्हणाली, "ह्ये आता चालत नाय रं नाना."

तेव्हा ती रक्कम अजून आमच्याकडेच आहे. बाकी पुढे ओढली आहे.